शेजारी देशाशी सागरी तेलगळतीबाबत करार असेल, तर लहान देशाने स्वतःची महागडी सामग्री घेण्याची गरज उरते का?

गरज उरते. पहिल्या दिवसाची सामग्री स्वतःचीच हवी, कारण शेजाऱ्याचे जहाज कितीही तत्पर असले तरी त्याला निघून पोहोचायला वेळ लागतो आणि बंदराजवळची छोटी गळती तेवढ्यात किनाऱ्याला लागलेली असते. मोठ्या गळतीला पुरेल एवढी सामग्री मात्र कोणत्याही एका देशाने एकट्याने बाळगू नये. करार असतात ते त्यासाठीच. पण प्रश्नाच्या तपशिलात आपण लिहिले आहे की, ‘गळती किती मोठी आहे हे निश्चित झाल्यावर शेजाऱ्याला कळवून मदत मागवता येईलच.’ या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. नोकरीत मी ते वर्षानुवर्षे ऐकले आहे आणि ते साफ चुकीचे आहे.

सागरी प्रदूषणाच्या घटना हाताळणाऱ्या एका नियंत्रण कक्षात मी काम करत होते. एका रात्री एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाने कळवले की जहाजाचा तळ खडकाला घासला असून एका इंधनटाकीची पातळी उतरते आहे. शेजारच्या देशाची सागरी हद्द तिथून जवळ होती आणि वारा नेमका त्याच दिशेला होता. मी पोलरेपचा, म्हणजे शेजारी देशांना पाठवायच्या प्रदूषण-अहवालाचा, पहिला भाग भरला आणि सहीसाठी वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी एकच विचारले, “किती टन?” मी म्हटले, “सर, ते अजून कळलेले नाही.” त्यावर ते म्हणाले, “मग पाठवू नका. आकड्याशिवाय संदेश गेला आणि सकाळी काहीच निघाले नाही, तर वर उत्तर मला द्यावे लागेल.” कागद टेबलावरच राहिला.

उजाडल्यावर विमान निघाले. समुद्रावरचे तेल प्रवाहाबरोबर वाहते आणि शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने त्याच्या दिशेने सरकते. म्हणजे वीस नॉटचा, तासाला वीस सागरी मैलांचा, वारा एकटाच त्याला दिवसाला चौदा सागरी मैल नेतो. आमचा आकडा तयार होईपर्यंत तवंग हद्द ओलांडून गेला होता आणि तो सर्वांत आधी पाहिला तो पलीकडच्या मच्छीमारांनी. त्यांच्या कक्षातून फोन आला तेव्हा तो मीच घेतला. पलीकडच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, “हे तुमच्याकडून येत आहे का, आणि तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?” बोलता बोलता त्याने हेही सांगितले की तेल उपसणारे त्यांचे जहाज आदल्या संध्याकाळपासून जवळच्या बंदरात सज्ज उभे होते. ते निघाले तोवर जड इंधनतेलात लाटांनी पाणी घुसळले गेले होते. असे झाले की तेलाचे आकारमान तिप्पट-चौपट होते, ते पंपाने खेचणे जिकिरीचे होते आणि तेल विखुरणाऱ्या रसायनाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

नंतरच्या बैठकीत वरिष्ठांचे म्हणणे असे होते की संदेश वेळेवर गेला असता तरी फरक पडला नसता, आणि आकड्याशिवाय पाठवलेल्या संदेशाला किंमत नसते. मला हे तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. पोलरेपचा नमुनाच याचे उत्तर देतो. त्याचे तीन भाग आहेत: इशारा, माहिती आणि मदतीची मागणी. इशाऱ्याच्या भागात वेळ, ठिकाण, घटना, गळतीचे स्वरूप आणि पोच एवढीच कलमे आहेत. तेल अजून सांडलेले नसेल, नुसता धोका असेल, तर ‘अद्याप नाही’ असे लिहून पुढे पदार्थाचे नाव घालण्याची सोयही त्यात आहे. ज्यांनी हा नमुना बनवला त्यांना रात्री दोन वाजता कोणाकडेच आकडा नसतो हे ठाऊक होते. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदेविषयक कराराचे कलम 198 तर केवळ नजीकचा धोका दिसला तरी संभाव्य बाधित देशांना तत्काळ कळवण्याचे बंधन घालते. टनांची अट त्यात कुठेही नाही.

ही शहाणीव फुकट आलेली नाही. मार्च 1967 मध्ये ‘टोरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर चढले आणि त्यातले तेल ब्रिटनबरोबर फ्रान्सच्या किनाऱ्यालाही लागले. त्यानंतर 1969 मध्ये उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी बॉन करार केला, समुद्राचे विभाग पाडून कोणी कुठे लक्ष ठेवायचे ते ठरवले आणि एकमेकांना कळवण्याची रीत घालून दिली. तरीही नोव्हेंबर 2002 मध्ये सुमारे 77,000 टन जड इंधनतेल घेऊन निघालेले ‘प्रेस्टिज’ स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ वादळात फुटू लागले, तेव्हा त्याला आसरा देण्याऐवजी खोल समुद्राकडे ओढत नेले गेले. सहाव्या दिवशी त्याचे दोन तुकडे झाले आणि तेल स्पेनसह फ्रान्सच्याही किनाऱ्याला लागले. संकट हद्दीबाहेर ढकलण्याची ही वृत्ती आणि आकड्याची वाट पाहण्याची वृत्ती यांचे मूळ मला एकच दिसते.

उलट उदाहरणही आहे. मे 2021 मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजाला आग लागली तेव्हा श्रीलंकेने मदत मागितली आणि भारतीय तटरक्षक दलाची जहाजे काही दिवसांतच आग विझवायला तिथे होती. प्रदूषण रोखण्यासाठी खास बांधलेले ‘समुद्र प्रहरी’ही पाठोपाठ गेले. जहाज शेवटी बुडाले आणि प्लास्टिकच्या गोळ्या किनाऱ्यावर पसरल्या त्या पसरल्याच, पण मदत मागायला उशीर झाला असे त्या प्रसंगात म्हणता येत नाही.

मदत मागितली की बिल येईल, ही भीती लोक उघड बोलत नाहीत, पण ती असते. तेलप्रदूषणाविरुद्धची सज्जता, प्रतिसाद व सहकार्य यांविषयीच्या 1990 च्या आंतरराष्ट्रीय करारात याची तरतूद आहे: वेगळे काही ठरले नसेल तर मदत मागणारा देश खर्च भरतो, आणि दुसरा देश स्वतःहून आला तर तो आपला खर्च आपण सोसतो. मागणारा देश मदत केव्हाही थांबवू शकतो. तोवर झालेला किंवा आधीच पत्करलेला खर्च तेवढा द्यावा लागतो. मुख्य म्हणजे इशारा देणे म्हणजे मदत मागणे नव्हे. आपण शेजाऱ्याला जागे करतो, एवढेच. त्याचे बिल होत नाही.

काही मर्यादा मान्य करायला हव्यात. पेट्रोल किंवा डिझेलसारखे हलके तेल असेल तर त्यातले बरेचसे उडून जाते किंवा विरते आणि शेजाऱ्याचे जहाज पोहोचेपर्यंत उपसायला फारसे उरत नाही. तिथेही इशारा द्यावा, मात्र सामग्री हलवण्याची घाई नको. रसायनांच्या गळतीत विषारी वाफेमुळे आपलीच माणसे धोक्यात येऊ शकतात, म्हणून तिथले निर्णय वेगळे असतात. आणि दर क्षुल्लक तवंगाला इशारे धाडले तर पलीकडचा कक्ष ते गंभीरपणे घेईनासा होईल, हा वरिष्ठांचा मुद्दा तेवढ्यापुरता मला मान्य आहे. पण तळ फाटलेले जहाज क्षुल्लक नसते.

तेव्हा सामग्रीची यादी करण्याआधी आपल्या देशाचा करार काढून तीन गोष्टी वाचा. रात्री ड्युटीवर असलेला अधिकारी वरिष्ठांच्या सहीवाचून पहिला इशारा पाठवू शकतो का? शेजाऱ्याची जहाजे, माणसे आणि बूम (तेल अडवणारे तरंगते अडथळे) कस्टम्स व व्हिसात न अडकता आत येतील अशी व्यवस्था आधीच लेखी झालेली आहे का? आणि हद्दीवरच्या संयुक्त कामात आदेश कोणाचा चालणार? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर आधी ते कलम बदलून घ्या आणि मगच स्किमर, म्हणजे पाण्यावरचे तेल उपसणारे यंत्र, विकत घ्या.