बोलका खिल्लार, टोपीतली मगर: एआय व्हिडिओविषयी प्रश्नोत्तरे

माणसासारखे चालणारे-बोलणारे प्राणी घेऊन एआयच्या साहाय्याने छोटे व्हिडिओ करणाऱ्यांची संख्या सातारा-सांगली पट्ट्यात वाढते आहे आणि त्याबरोबर या सदराकडे येणारी पत्रेही वाढली आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. साधनांच्या आवृत्त्या दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे कोणते बटण दाबावे यापेक्षा काम कोणत्या क्रमाने करावे याचाच विचार उत्तरांत अधिक आहे.

विटा येथील वाचक: घरच्या खिल्लार बैलावरून पात्र केले आहे. धोतर, बंडी, डोक्याला पटका. वर्णन प्रत्येक वेळी तेच लिहितो, तरी दर क्लिपमध्ये बैल वेगळाच येतो. कधी शिंगे आडवी, कधी रंग तांबूस. असे का होते?

वर्णन तेच असले तरी यंत्र दर वेळी कोऱ्या पाटीपासून सुरुवात करते आणि मागच्या क्लिपमधला बैल त्याच्या लक्षात राहिलेला नसतो. आपण शब्दांत न सांगितलेली प्रत्येक गोष्ट ते पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे अंदाजाने भरून काढते, आणि त्या चित्रांत माण-आटपाडीकडचे खिल्लार फारसे नसणार हे उघड आहे. खिल्लाराची शिंगे कपाळाशी जवळजवळ निघतात, मागे झुकतात आणि मग डौलदार वळण घेऊन टोकदार होत वर जातात. हे वळण वाक्यांत कितीही नेमके मांडले तरी यंत्राला ते पुरेसे कळत नाही. म्हणून पात्र शब्दांत पक्के करण्याचा नाद सोडून ते चित्रात पक्के करावे.

आपल्याकडे खरा बैल आहे, ही मोठी सोय आहे. सकाळच्या उन्हात त्याचे समोरून, बाजूने आणि तिरके असे स्वच्छ फोटो काढावेत. ते एखाद्या चित्र-साधनाला देऊन त्यांवरून पात्राचे स्थिर चित्र तयार करून घ्यावे. गुगलचे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले आणि ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने गाजलेले साधन चेहरा कायम ठेवून बाकीचे बदलण्यात चांगले आहे. साध्या राखाडी पार्श्वभूमीवर पात्र समोरून, बाजूने, तिरके आणि पूर्ण उभे अशी चित्रे करून घ्यावीत, आणि हसरा व रागावलेला चेहरा वेगळा काढून ठेवावा. मनासारखा संच हाती येईपर्यंत व्हिडिओच्या वाटेला जाऊ नये, कारण स्थिर चित्र पुन्हा करणे स्वस्त असते आणि क्लिप पुन्हा करणे महाग.

त्यानंतरची प्रत्येक क्लिप या संचातील चित्रापासून सुरू करावी. गुगलचे व्हिओ ३.१ किंवा रनवे कंपनीचे जेन-४ यांसारख्या व्हिडिओ-साधनांत संदर्भासाठी एकाहून अधिक चित्रे देता येतात. चित्र दिले की प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या लेखी सूचनेत, बैलाचे वर्णन पुन्हा लिहू नये. त्यात फक्त हालचाल, कॅमेरा आणि प्रकाश यांविषयी लिहावे. चित्र एक सांगते आणि शब्द दुसरे सांगतात अशी ओढाताण झाली की पटक्याचा रंग उडतो आणि शिंगे पुन्हा आडवी होतात.

एका क्लिपची शेवटची फ्रेम घेऊन तीवरून पुढची क्लिप बनवण्याची पद्धत सोपी वाटते, पण प्रत्येक फेरीत चेहरा थोडा मऊ आणि थोडा परका होत जातो. त्यापेक्षा दृश्य तोडावे, कॅमेऱ्याचा कोन बदलावा आणि मूळ चित्राकडे परत यावे. व्हिओ एका वेळी आठ सेकंदांपर्यंतची क्लिप देते, तर क्लिंग या दुसऱ्या व्हिडिओ-साधनाच्या आधीच्या आवृत्त्यांत पाच किंवा दहा सेकंदांची क्लिप घेण्याची पद्धत रूढ झाली होती. मिनिटभराच्या रीलमध्ये दहाबारा तुकडे येणारच आहेत, तेव्हा ते लपवण्याची धडपड करण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी मात्र यंत्रावर सोडू नयेत. बैल दोन पायांवर चालतो की चार? त्याला खूर आहेत की बोटे? चहाचा कप तो कसा धरतो? धोतरातून शेपूट कोठून बाहेर येते? शेपटीचा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्यांच्या व्हिडिओत ती हमखास गायब होते. हे निर्णय कागदावर लिहून ठेवावेत आणि मग मोडू नयेत.

वाई येथील वाचक: आमची शेळी दिसायला सुरेख झाली आहे, पण आजी म्हणतात की तिच्याकडे बघवत नाही, भुताटकी वाटते. नेमके काय चुकले असावे?

आजींचे निरीक्षण मोलाचे आहे. जवळजवळ माणसासारखी, पण पुरती माणसासारखी नसलेली आकृती पाहून मन बिचकते, हे जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडले होते. प्राण्यांच्या पात्रांत हा दोष बहुधा डोळ्यांत आणि दातांत असतो. शेळीची बाहुली आडवी असते. तिच्या जागी माणसाची गोल बाहुली आणि भोवती डोळ्याचा भरपूर पांढरा भाग आला की चेहऱ्यावर मुखवटा चढवल्यासारखे दिसते. दातांचे तर विचारूच नये. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. यंत्र मात्र त्यांना बोलताना माणसाची पांढरीशुभ्र बत्तिशी देते. शहरातल्या प्रेक्षकाला काय खटकले ते सांगता येणार नाही, पण ज्यांनी जनावरे सांभाळली आहेत त्यांना ते तत्काळ कळते.

उपाय दोन आहेत. एक तर पात्र सरळ चित्रासारखे, रेषा आणि सपाट रंग असलेले करावे, म्हणजे अपेक्षाच बदलते. खऱ्या केसांचे, खऱ्या उन्हातले पात्र हवे असेल तर चेहरा प्राण्याचाच ठेवावा आणि माणूसपण चालण्यात, कपड्यांत, मान वळवण्यात आणि कान हलवण्यात आणावे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण शेळीचा कान तिच्या ओठांपेक्षा अधिक बोलतो.

कराड येथील शिक्षिका: संवाद मराठीत लिहून दिले तरी पात्र हिंदी माणसाने मराठी वाचावे तसे बोलते. ‘शाळा’चे ‘शाला’ होते.

व्हिओ ३ मे २०२५ मध्ये आले तेव्हापासून चित्राबरोबर आवाजही एकाच वेळी तयार होऊ लागला आणि अनेकांनी स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करणे सोडून दिले. मराठीपुरते बोलायचे तर ते सोडू नये. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च वेगळे आहेत, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. यंत्राला मात्र दोन्ही एकाच अक्षराने लिहिलेले दिसतात. ‘ज’ आणि ‘झ’ यांचेही तेच. ‘ळ’चा तर प्रश्नच वेगळा.

त्यामुळे संवाद आपणच बोलावेत. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, पंखा बंद करून, चादरी-गाद्या असलेल्या खोलीत केलेले ध्वनिमुद्रण पुरेसे चांगले होते. मग आवाजाची पट्टी थोडी वर किंवा खाली न्यावी आणि लिपसिंकच्या साधनाने ओठ जुळवावेत. प्राण्याच्या लांब तोंडावर ओठ नीट जुळत नसतील, तर बोलणारे पात्र पाठमोरे किंवा तिरके दाखवावे आणि कॅमेरा ऐकणाऱ्या पात्राकडे वळवावा. आठ सेकंदांत पंधराच्या आसपास शब्द निवांत बसतात. त्याहून जास्त कोंबले की विनोद चेंगरतो. आणखी एक फायदा असा की ‘काय करालायस?’ असे विचारणारा बैल सांगलीकडचा आहे हे चार शब्द ऐकताच कळते. ते वळण कोणत्याही यादीतून निवडलेल्या आवाजात मिळणार नाही.

देवनागरी पाट्यांचेही असेच आहे. दुकानाचे नाव, बसची पाटी, फळ्यावरचा मजकूर यंत्राकडून लिहून घेऊ नये. जागा कोरी सोडावी आणि अक्षरे एडिटिंगमध्ये बसवावीत.

सांगली येथील वाचक: पावसाळ्यात आयर्विन पुलावरून गांधी टोपी घातलेली मगर चालत जाते, असा विनोदी व्हिडिओ करायचा आहे. त्यावर एआयची खूण लावणे सक्तीचे आहे का?

टोपी घालून बोलणारी मगर खरी आहे असे कोणी समजणार नाही. त्यामुळे नियमांचा रोख अशा व्हिडिओवर नाही. माहिती तंत्रज्ञान नियमांत झालेली आणि २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू असलेली दुरुस्ती खऱ्या व्यक्तीपासून किंवा खऱ्या घटनेपासून वेगळे ओळखू येणार नाही अशा कृत्रिम सामग्रीसाठी आहे. तिच्यावर ठळक खूण हवी, आणि मोठ्या समाजमाध्यमांनी टाकणाऱ्याकडून तसे जाहीर करून घ्यायला हवे. यूट्यूबही मार्च २०२४ पासून वास्तव भासणाऱ्या बदललेल्या दृश्यांबाबत हेच विचारते आणि उघडपणे काल्पनिक ॲनिमेशनला त्यातून सूट देते.

पण आपला व्हिडिओ सांगलीत पाहिला जाणार आहे. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी खरोखर आहेत आणि पूर येतो तेव्हा त्या बाहेर दिसतातही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पुलाखालचे तांबडे पाणी पाहून हसू येईलच असे नाही. समजा, पहिल्या तीन सेकंदांत नुसते चढलेले पाणी आणि मगरीची पाठ आहे आणि टोपी नंतर येते. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर ‘आत्ताचे दृश्य’ म्हणून पाठवील. आपत्तीविषयी खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. आपला तसा हेतू नसला तरी खुलासा करत फिरण्याची वेळ येईल.

म्हणून टोपी पहिल्या फ्रेमपासून असावी आणि एकही फ्रेम अशी नसावी की जी एकटी पाहिल्यावर बातमी वाटेल. ‘एआयनिर्मित’ ही अक्षरे कोपऱ्यात न ठेवता सहज कापता येणार नाहीत अशा ठिकाणी, मगरीच्या जवळ ठेवावीत. आणि पाणी ओसरलेले असताना, हिवाळ्यात हा व्हिडिओ केला तर विनोद अधिक रंगेल, असे माझे मत आहे.

मिरज येथील वाचक: रोज दोन शॉर्ट्स टाकले तर उत्पन्न कधी सुरू होईल?

शॉर्ट्सच्या वाटेने यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्राइबर आणि ९० दिवसांत १ कोटी वैध व्ह्यूज लागतात. जुलै २०२५ पासून यूट्यूबने एकाच साच्यातून मोठ्या संख्येने काढलेल्या व्हिडिओंना ‘अनऑथेंटिक’ (अस्सल नसलेले) ठरवून उत्पन्नातून वगळण्याचा नियम अधिक स्पष्ट केला आहे. रोज दोन या वेगात साचाच तयार होतो. आठवड्याला एकच, पण कथा असलेला व्हिडिओ करावा. लहान मुलांसाठीची सामग्री अशी नोंद झाली तर तेथे वैयक्तिक जाहिराती आणि प्रतिक्रिया दोन्ही बंद असतात, हेही आधी लक्षात घ्यावे. स्थानिक दुकानदारासाठी पात्र घेऊन केलेली जाहिरात याहून लवकर पैसे देते.

तासगाव येथील बेदाणा व्यापारी: जाहिरातीत एखाद्या प्रसिद्ध परदेशी कार्टूनमधला उंदीर किंवा ससा वापरला तर चालेल का? आणि स्वतःचे पात्र केले तर ते आमचेच राहील ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. यंत्राने चित्र काढून दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी जून २०२५ मध्ये मिडजर्नी या चित्र-साधनाच्या कंपनीवर नेमक्या याच कारणासाठी दावा दाखल केला.

दुसऱ्याचे उत्तर इतके सरळ नाही. भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणून ती कृती घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडे बोट दाखवतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र जानेवारी २०२५ च्या अहवालात नुसत्या प्रॉम्प्टवर हक्क मिळत नाही अशी भूमिका घेतली. तेव्हा पात्राची हाताने काढलेली रेखाटने, लिहिलेले संवाद आणि स्वतःचे ध्वनिमुद्रण तारखांसह जपून ठेवावे. पात्राचे नाव आणि मुद्रा बेदाण्याच्या पाकिटावर छापणार असाल तर त्यांची ट्रेडमार्क नोंदणी करून घ्यावी, आणि ती पाकिटे छापायला देण्यापूर्वी करावी.