वाचकांचे प्रश्न : एका दिवसात कोकणकडा

पावसाळा सरता सरता कोठे जावे, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याविषयी आणि तीही एका दिवसाच्या फेरीविषयी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे पाच मित्र, सगळेच पन्नाशी ओलांडलेले. गडावर मुक्काम न करता कोकणकडा पाहून त्याच दिवशी परतायचे आहे. खिरेश्वरची वाट आम्हाला जवळ पडते. पण जो तो पाचनईने जा म्हणतो. खिरेश्वरने गेल्यास काय बिघडेल?

उत्तर : बिघडणार काही नाही, फक्त दिवस पुरणार नाही. रस्त्याचा हिशेब तुमच्या बाजूने आहे, हे मान्य. कल्याण, मुरबाड करून माळशेज घाट चढला की खुबी फाटा येतो आणि तेथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून थेट खिरेश्वरात पोहोचता येते. पाचनई मात्र अकोले तालुक्यात आत दडलेले गाव आहे. तुम्हाला कसारा, घोटी, राजूर असा बराच वळसा पडेल. पण गाडीत वाचलेला वेळ खिरेश्वरची वाट डोंगरावर दामदुपटीने वसूल करते. गावातून टोलार खिंडीपर्यंतचा चढ, खिंडीतले वाघाचे शिल्प मागे टाकल्यावर लोखंडी कठडे लावलेला उभा कातळ आणि तो संपला, आता आलाच गड, असे वाटू लागते तेव्हा सुरू होणारी टेकड्यांची चढउतार, असे सगळे धरून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापर्यंत चार ते पाच तास सहज जातात. मंदिरापासून कडा आणखी अर्ध्या-पाऊण तासावर आहे. परतीच्या वाटेवर एवढेच सगळे उलट चालायचे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला दिवस आधीच आखूड असल्यामुळे कड्यावर पोहोचताच घड्याळाकडे पाहावे लागते आणि ज्याच्यासाठी आलो तेथेच निवांत बसता येत नाही.

पाचनईहून बेताच्या चालीने दोन-अडीच तासांत मंदिर गाठता येते. वाट झाडीतून वर येते, मग डाव्या-उजव्या हाताला पुढे झुकलेल्या कातळाच्या पोटाखालून जाते, एक ओढा ओलांडते आणि फारशी दमछाक न करता पठारावर नेऊन सोडते. गुडघे कुरकुरणाऱ्यांना त्रास होतो तो चढताना नव्हे, तर उतरताना, आणि हा उतार खिरेश्वरच्या कातळापेक्षा पुष्कळच सोसण्याजोगा आहे. काठी जरूर घ्या. पहाटे चारच्या आत डोंबिवली सोडली, वाटेत चहापलीकडे कोठे रेंगाळला नाहीत आणि साडेनवाच्या सुमारास चालायला लागलात, तर दुपारी एकपर्यंत कड्यावर असाल. तेथून तीनला उठलात की उजेडात पाचनईत उतराल.

खिरेश्वरची हौस असेलच आणि गाडीला चालक असेल, तर पाचनईने चढून खिरेश्वरने उतरा. चालकाने तेवढ्या वेळात कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूरमार्गे गाडी खिरेश्वरला आणावी. मात्र त्यासाठी चालणे तासभर तरी लवकर सुरू करा आणि मंडळींपैकी निदान एकाला ती वाट ठाऊक असू द्या, कारण टेकड्यांच्या पट्ट्यात ढोरवाटा पुष्कळ फुटतात.

प्रश्न : कोकणकड्यावर दिसणाऱ्या ‘इंद्रवज्रा’विषयी ऐकले आहे. गेल्या वर्षी आम्ही खास त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबलो, धुकेही भरपूर होते, पण काही दिसले नाही. ते नेमके केव्हा दिसते? (पुण्याहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : संध्याकाळी ते दिसणे शक्यच नव्हते. इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारे रंगीत कडे. ते दिसायला सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आणि धुके समोर, तेही पाहणाऱ्याच्या पातळीच्या थोडे खाली असावे लागते. कोकणकडा पश्चिमाभिमुख आहे. संध्याकाळी सूर्य समोर कोकणावर उतरत असतो, त्यामुळे तुमची सावली पडते ती मागे पठारावर. सावली दरीतल्या धुक्यावर पडायची तर वेळ सकाळचीच हवी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने याच गडावर पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्यातही परिस्थिती हीच आहे : कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या काठाशी थबकलेले, साइक्स धुक्याच्या हद्दीबाहेर काठावर उभे आणि त्यांच्या पाठीशी अगदी खाली असलेला निरभ्र सूर्य.

पावसातल्या इंद्रधनुष्याहून हा प्रकार वेगळा आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांमुळे घडते आणि त्याची कमान आकाशाचा बराच भाग व्यापते. इंद्रवज्राची कडी धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांकडून जवळपास आल्या दिशेनेच मागे फिरलेल्या प्रकाशामुळे तयार होतात. म्हणून ती लहान असतात आणि बरोबर पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीभोवती उमटतात. निळसर रंग आतल्या बाजूला आणि तांबूस बाहेर. गंमत अशी की दोघे खांद्याला खांदा लावून उभे असले, तरी प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवतीचे कडे दिसते, शेजाऱ्याच्या नव्हे. विमानाच्या खिडकीतून खालच्या ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती रंगीत कडे दिसते, तेही हेच.

एका दिवसाच्या फेरीत याची आशा कमीच ठेवावी. पावसाळ्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर, वर आकाश मोकळे आणि खाली दरी धुक्याने भरलेली अशा सकाळी कड्यावर हजर असायला हवे. म्हणजे एक तर गडावर मुक्काम करावा लागेल, नाही तर पाचनईत आदल्या रात्री पोहोचून अंधारातच चालू लागावे लागेल. दुसरा पर्याय वाट जाणणारा स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय निवडू नका. आणि एवढे करूनही समोर नुसती पांढरी भिंत दिसण्याची तयारी असू द्या.

प्रश्न : जुलैमधल्या एखाद्या रविवारी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पाचनईमार्गे जावे काय? (नाशिकहून)

उत्तर : माझे मत विचाराल तर जुलैत नको आणि रविवारी तर नकोच. आठ वर्षांचे मूल ही वाट उत्तम चढते. बहुधा तुमच्या पुढेच असेल. प्रश्न ओढ्याचा आहे. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा डोक्यावर दोन तास जोराचा पाऊस झाला की परतताना ओलांडण्याजोगा राहत नाही. त्या वेळी पलीकडे जाण्याची घाई न करता पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचे असते. लहान मूल भिजून कुडकुडत असताना हा संयम मोठ्यांनाच राहत नाही. त्यात रविवारची गर्दी : अरुंद, शेवाळलेल्या जागी दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांसाठी खोळंबतात. शिवाय एवढे करून कड्यावर गेलात, तर जुलैत बहुतेक वेळा ढगांखेरीज काही दिसत नाही. वाऱ्याचा जोर मात्र जाणवतो. नैर्ऋत्येचे वारे या आत वळलेल्या भिंतीवर आदळून सरळ वर उसळतात, त्यामुळे काठावरून पडणारे पाणी उलटे वर येऊन अंगावर उडते. मुलांना ते फार आवडते. पण ते पाहायला काठाशी जावे लागते, हीच अडचण आहे.

सप्टेंबरअखेर न्या. पठारावर सोनकीची पिवळी फुले असतात, ओढे आवरलेले असतात आणि मंदिराजवळच्या केदारेश्वराच्या गुहेतले पाणीही मुलांना दाखवण्याजोगे असते. चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेला आणि मध्ये पाण्यात उभे भले मोठे शिवलिंग! शेवटचा खांब पडला की युग संपणार, ही कथा तुमच्या मुलाला वाटेत कोणी ना कोणी सांगेलच. पाणी हाडे गोठवणारे असते, तेव्हा मुलाला बाहेरूनच दर्शन घडवा.

प्रश्न : वर जेवणाची सोय होते का?

उत्तर : होते. पाचनईत घराघरांतून आणि वर मंदिराजवळ, कड्याजवळ झोपड्यांतून पिठले-भाकरी, ठेचा, भजी, लिंबू सरबत मिळते. मोठा गट असल्यास चढण्यापूर्वीच गावात सांगून ठेवा. मार्चनंतर मात्र पाण्यासाठी कोणावर विसंबू नका. माणशी निदान तीन लिटर पाणी स्वतःचे हवे.

प्रश्न : कड्याच्या काठावर पालथे झोपून खाली पाहण्याची पद्धत आहे म्हणतात. ते सुरक्षित आहे काय?

उत्तर : उभे राहून डोकावण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे आणि त्याला कारण आहे. हा कडा नुसता उभा नाही, तो आत वळलेला आहे. त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखालचा कातळ दिसतच नाही. तो दिसावा म्हणून माणूस नकळत आणखी पुढे वाकतो. पालथे झोपले की तोल जाण्याचा प्रश्न राहत नाही. पण त्यालाही काही पथ्ये आहेत. जागा कोरड्या, उघड्या, सलग कातळाची हवी. काठावर वाढलेल्या गवताखाली कातळ आहे की पोकळी, हे वरून कळत नाही. उभ्याने काठाशी जाऊन मग झोपायचे नाही. दहा-बारा पावले अलीकडेच झोपून सरपटत जायचे आणि तसेच मागे यायचे. पाठीवरची पिशवी, गळ्यातला कॅमेरा मागे ठेवावा. मागे कोणीतरी पाय धरून बसलेले असावे. ओल्या कातळावर आणि वावटळीच्या दिवशी हा बेत रद्द समजावा.

काठाकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणाऱ्यांविषयी दोघांनी विचारले आहे. त्यांना मोठ्याने हाक मारू नका. दचकून माणूस मागेच सरकतो. शांतपणे जवळ जाऊन सांगा. आणि खरे तर काठावर उभ्या माणसाच्या छायाचित्रात कडा येतच नाही. तो हवा असेल तर कड्याच्या अर्धवर्तुळाच्या एका टोकाला जाऊन, काठापासून मागे राहून, समोरची बाजू टिपावी.

प्रश्न : आईचे वय ७४. तिला कोकणकडा पाहायचा आहे, पण चढणे शक्य नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि अनेक गिर्यारोहकांनाही तो सुचत नाही. कडा खालून दाखवा. माळशेज घाटाच्या पायथ्याशी, कल्याण-नगर रस्त्यावर मोरोशी गाव आहे. तेथून आत बेलपाडा गावी गाडी जाते. गावातून मान वर केली की कड्याचे ते प्रचंड अर्धवर्तुळ समोर उभे राहते. किती आत वळलेले आहे, तेही वरच्यापेक्षा येथूनच अधिक कळते. याच गावातून नळीची वाट वर जाते, पण ती कसलेल्या गिर्यारोहकांची वाट आहे. तुम्ही गावातच थांबा. सकाळी भिंत सावलीत काळवंडलेली असते, म्हणून ऑक्टोबर ते जानेवारीच्या काळात दुपारी तीननंतर ऊन तिच्यावर येईल अशा बेताने पोहोचा आणि आईंसाठी एक घडीची खुर्ची गाडीत टाका.