रक्ताची नळी, गुळवेलीचा अर्क आणि कडेचे खळगे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची पत्रे बरीच आली. शिवाय निपाणीहून एका आईचेही पत्र आले. लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या गावांतून रक्ताचे नमुने घेऊन आम्ही बेळगावला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणतो. शीतपेटीत बर्फावर ठेवतो, काळजी घेतो. तरीही फायकॉलवर (रक्तपेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) पांढऱ्या पेशींचा पट्टा पुसट येतो, त्यात लाल पेशी मिसळलेल्या असतात आणि मोजणीत अपेक्षेच्या निम्म्याही पेशी भरत नाहीत. चुकते कुठे?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : बहुतेक त्या बर्फातच. सीरम किंवा प्लाझ्मा वेगळा केल्यावर थंड ठेवायचा असतो, म्हणून अख्खे रक्तही थंड ठेवायचे असा समज होतो. जिवंत लिंफोसाइट आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) हवे असतील तर अख्खे रक्त १८ ते २२ अंशांवर आणायचे. गारठलेल्या किंवा फार वेळ राहिलेल्या रक्तात न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते. त्या फायकॉल भेदून तळाला जात नाहीत, वरच्या पट्ट्यातच अडकतात. प्लेटलेटही चिकट होतात आणि पेशींचे गुठळे करतात.

एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण येते, कारण गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. थर्माकोलच्या पेटीत साध्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या ठेवा, मधे स्टँडमध्ये नळ्या उभ्या ठेवा आणि पेटी सीटवर ठेवा. आडव्या नळ्या जांबोटीच्या रस्त्यावर तासभर हिंदकळल्या की लाल पेशी फुटणारच. रक्त काढल्यापासून सहा ते आठ तासांत फायकॉलवर चढले पाहिजे, म्हणून नमुने सकाळीच घ्या. नळीवर तारखेबरोबर वेळही लिहा. पुढे एखादा नमुना विचित्र वागला की सगळ्यात आधी हीच वेळ पाहिली जाते.

नळी कोणती घेता तेही तपासा. पेशींना उद्दीपन देऊन सायटोकाइन (पेशी सोडतात ती संदेशवाहक प्रथिने) मोजायचे असतील तर हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी घ्या. हेपरिनसारखेच रक्त गोठू न देणारे जांभळ्या टोपणातले ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकते आणि पेशींना संदेशवहनासाठी कॅल्शियम लागते. त्याच रक्तावर पीसीआरही करायचा असेल तर त्यासाठी ईडीटीएची वेगळी नळी घ्या, कारण हेपरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते.

आता फायकॉल. त्याची घनता १.०७७ ही २० अंशांची आहे. फ्रीजमधून काढून तसेच वापरले तर ते जास्त घन असते आणि लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. फार गरम झाले तर लिंफोसाइटच खाली निसटतात. म्हणून तास-दोन तास आधी बाहेर काढा आणि उलटसुलट करून मिसळून घ्या. १० मिली रक्तात तेवढेच पीबीएस हे क्षारांचे द्रावण घाला (कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेले). ५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकॉल घेऊन, नळी तिरकी धरून, भिंतीवरून रक्त सावकाश सोडा. इथली घाई नंतर कशानेही भरून निघत नाही. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, ४०० जी, ३० मिनिटे, २० अंश, आणि ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर यंत्र थांबतानाच्या झटक्याने थर पुन्हा मिसळतात.

‘४०० जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट ओढ) आणि ‘इतके आरपीएम’ (मिनिटाला इतके फेरे) यांत बरेच जण फसतात. जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या १६ सेंमी असेल तर ४०० जी म्हणजे साधारण १५०० आरपीएम. १० सेंमी असेल तर साधारण १९००. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या वहीतले आरपीएम जसेच्या तसे उचलू नका.

पट्टा उचलताना लोभ नको. खालचे फायकॉल जास्त आले तर ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिलसारख्या पेशी) येतात, वरचा प्लाझ्मा जास्त आला तर प्लेटलेट. पहिली धुलाई तिप्पट पीबीएसमध्ये ३०० जीवर १० मिनिटे, दुसरी २०० जीवर १० मिनिटे; दुसरीत प्लेटलेट वरच्या द्रवात राहतात आणि ओतून जातात. तरी तळाचा पेशींचा गोळा लालसर दिसला तर लाल पेशी फोडणारे अमोनियम क्लोराइडचे द्रावण पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही.

मोजणीसाठी १० मायक्रोलिटर पेशी आणि तेवढाच ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळे करणारा रंग). न्यूबाउअर चेंबरच्या (पेशी मोजायच्या, चौकोन आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे एका मिलीतल्या पेशी. निरोगी प्रौढाच्या एक मिली रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळाव्यात, आणि ताज्या रक्तात ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत. ९० च्या खाली गेलात तर त्या नमुन्यावर पुढचा महाग प्रयोग करू नका.

जाता जाता एक सुचवतो : संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत करून नैतिकता समितीकडून दोन्ही मंजूर करून घ्या. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नडच लागते. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी तुमच्या चमूबाहेरच्या साक्षीदाराची सही हवी.

प्रश्न : गुळवेलीचा पाण्यातला अर्क आम्ही मानवी रक्तपेशींवर टाकला. टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारा एक सायटोकाइन) चौपट झाला. अर्क ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला होता, म्हणजे जंतूंचा प्रश्न नाही. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते हे यातून सिद्ध झाले म्हणता येईल का?
— औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, गोकाक

उत्तर : नाही. तुम्ही जंतू मारलेत, त्यांचे एंडोटॉक्सिन नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या कवचातले हे विष, म्हणजे एलपीएस, ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना दाद देत नाही आणि ०.२२ च्या फिल्टरमधून आरामात पार होते. रानातून आणलेल्या वेलीवर, धुतल्यावरही, असे जिवाणू असतातच. आणि मोनोसाइट इतके संवेदनशील की मिलीला १०० पिकोग्रॅम एलपीएससुद्धा टीएनएफ वर काढायला पुरते. तुमची चौपट वाढ गुळवेलीची असेल किंवा मातीतल्या जिवाणूंची. आजच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

पुढच्या वेळी काचेची भांडी कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर ३० मिनिटे तापवा. एलपीएस तिथे नष्ट होते. प्लास्टिक ‘पायरोजनमुक्त’ (एंडोटॉक्सिनसारखे ताप आणणारे पदार्थ नसलेले) छापलेलेच घ्या. अर्कासाठी साधे डिस्टिल्ड पाणी नको. औषधाच्या दुकानात मिळणारे इंजेक्शनचे पाणी वापरा. त्याला एंडोटॉक्सिनची मर्यादा घातलेली असते आणि ते महागही नाही.

मग पेशींचे पाच गट लावा : नुसते माध्यम, अर्क, अर्क अधिक पॉलिमिक्सिन-बी, मिलीला १ नॅनोग्रॅम एलपीएस, आणि एलपीएस अधिक पॉलिमिक्सिन-बी. पॉलिमिक्सिन मिलीला १० मायक्रोग्रॅम, पेशींवर टाकण्याआधी अर्काशी किंवा एलपीएसशी अर्ध्या तासाची भेट. ते एलपीएसला बांधून निष्प्रभ करते. शेवटच्या गटात टीएनएफ कोसळला पाहिजे, नाहीतर तुमचे पॉलिमिक्सिनच काम करत नाही. तो कोसळला आणि अर्क अधिक पॉलिमिक्सिनच्या गटातही कोसळला, तर उत्तर मिळाले : वाढ एलपीएसची होती. अर्कात टिकून राहिला, तर पुढे बोलण्यासारखे काही आहे. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणीही करा, पण वनस्पतीतले बीटा-ग्लुकॅन तीत खोटा होकार देऊ शकतात आणि टॅनिन खोटा नकार. म्हणून अर्कात ठरावीक एलपीएस मुद्दाम मिसळून ते परत किती मोजले जाते हे पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या आत यायला हवे.

एमटीटीने (जिवंत पेशी ज्याला जांभळे करतात त्या रसायनाने) पेशी जिवंत असल्याचे दाखवले असेल तर तोही आकडा पुन्हा तपासा. पॉलिफिनॉल पेशींशिवायही एमटीटीला जांभळे करतात. पेशी नसलेल्या खळग्यात (प्लेटमधल्या छोट्या वाटीत) अर्क आणि एमटीटी घालून पाहिले की कळते.

‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य मात्र आम्ही कुठल्याच निकालाखाली लिहू देणार नाही. टीएनएफ वाढणे नेहमी चांगलेच नसते : संधिवाताच्या काही रुग्णांना डॉक्टर टीएनएफ अडवणारी अडॅलिमुमॅबसारखी औषधे देतात. टीएनएफ वाढणे म्हणजे टीएनएफ वाढणे, एवढेच लिहा. वेलीची ओळख पटवून नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा केलात का, हेही परीक्षक विचारतील. बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे जाणकाराला विचारायला लांब जायला नको.

प्रश्न : एलायझाच्या (अँटिबॉडी वापरून प्रथिने मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटमध्ये कडेच्या ओळी नेहमी गडद येतात. एकदा तर अख्ख्या प्लेटला रंगच आला नाही.
— एम.एस्सी. विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : कडा गडद होतात त्या तापमानामुळे आणि बाष्पीभवनामुळे. चार अंशांवरची प्लेट थेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेली की कडेचे खळगे आधी तापतात. प्लेट आणि द्रावणे अर्धा तास बाहेर ठेवा, चिकटपट्टीचे झाकण लावा आणि प्लेटवर प्लेट रचू नका. तरी फरक राहिला तर कडेच्या ३६ खळग्यांत नुसते बफर भरा आणि आतल्या ६० मध्ये काम करा.

रंगच आला नाही तेव्हा आम्ही पहिल्यांदा सोडियम अझाइड शोधतो. अँटिबॉडी टिकावी म्हणून बफरमध्ये घातलेले हे अझाइड रंग आणणारे एचआरपी विकर बंद पाडते. धुण्याच्या बफरमध्ये किंवा एचआरपी जोडलेल्या अँटिबॉडीच्या द्रावणात ते असता कामा नये. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन ही एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी वापरत असाल तर दुधाच्या भुकटीने ब्लॉक करू नका (खळग्यातल्या रिकाम्या जागा झाकू नका), दुधात बायोटिन असते. १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घ्या. लेपासाठी, म्हणजे खळग्याच्या तळाला प्रथिन चिकटवण्यासाठी, पीएच ९.६ चे कार्बोनेट बफर, खळग्याला १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंश. धुताना ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य साबण), आणि शेवटी प्लेट टिशूवर जोरात आपटा. रंग देणाऱ्या टीएमबीचा निळा रंग आम्लाने पिवळा झाल्यावर ४५० नॅनोमीटरला लगेच वाचा. चहाला जायचे असेल तर आम्ल घालण्याआधी नव्हे आणि नंतरही नव्हे, वाचून झाल्यावर.

प्रश्न : मुलगी इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करू म्हणते. रोज लोकांच्या रक्तात हात घालायचे, धोका किती? आणि एवढी वर्षे पैसे कोण देणार?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, धोका आहे, पण तो बराचसा टाळता येतो. सुरुवातीला हिपॅटायटिस-बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजायच्या. मिलीलिटरला १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त आल्या की संरक्षण आहे. बरेच जण लस घेतात आणि मोजत नाहीत. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि ताबडतोब रुग्णालय गाठायचे. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधे जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईनेही लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते.

मुलीला प्रयोगशाळा पाहायला जाल तेव्हा एक नक्की बघा : माणसाच्या रक्ताचे काम क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (काम करणाऱ्याला जपणाऱ्या, गाळलेल्या हवेच्या पेटीत) चालते का. आडव्या लॅमिनार फ्लोचा वारा काम करणाऱ्याच्या तोंडावर येतो. रक्तासाठी तो चालत नाही.

पैशांचे म्हणाल तर सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली की १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, घरभाडे वेगळे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षे. विद्यार्थिनींना दोन वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. जेआरएफ नसेल तर प्रवेशाआधीच मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचारायला सांगा : प्रकल्पाचा निधी किती वर्षे उरलाय, आणि अँटिबॉडी-रसायनांचा खर्च कशातून होतो. संकोचू नका, हे विचारलेले चांगल्या मार्गदर्शकांना आवडते.

प्रश्न : गोठवलेल्या पेशी वजा ८० च्या फ्रीझरमध्ये आहेत आणि वीज वरचेवर जाते. द्रव नायट्रोजन घ्यावा का?
— संशोधन सहायक, बेळगाव

उत्तर : घ्या. वजा ८० वर पेशी काही आठवडे ठीक राहतात, वर्षभर ठेवायची ती जागा नव्हे. ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणाऱ्या द्रावकात), आयसोप्रोपेनॉलच्या डब्यातून मिनिटाला एक अंश या गतीने वजा ८० पर्यंत आणा आणि दुसऱ्या दिवशी नायट्रोजनमध्ये हलवा. डब्यातले आयसोप्रोपेनॉल पाच वापरांनंतर बदला. वीज गेली की फ्रीझर उघडून ‘जरा बघू’ नका. बंद दार हाच त्याचा बचाव.

जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी दूध संघ द्रव नायट्रोजन वापरतात, त्यामुळे पुरवठादाराची चौकशी तिथे करता येईल. एका लिटरचे जवळपास ७०० लिटर वायू होते आणि तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो. तेव्हा डबा बंद काचांच्या गाडीतून आणू नका, लिफ्टमध्ये त्याच्यासोबत माणूस नको, आणि त्याचे सैल झाकण कापडाने किंवा टेपने घट्ट करू नका.