गावाहून आणलेल्या तलंगा लगेच खुराड्यात सोडू नका

ताई, तुमचा प्रश्न असा: गोराईला घरामागच्या वाडीत सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. मेच्या सुट्टीवरून परतताना दीर चिपळूणहून तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणतायत. त्या किती दिवस वेगळ्या ठेवायच्या, आणि शेजारच्या काकू म्हणतात तसं आठवडाभर हळदीचं पाणी पाजलं तर चालेल का?

वेगळ्या ठेवायच्या चार आठवडे. हळदीचं पाणी हवं तर पाजा, बिघडत काही नाही, पण रोग अडवणं त्याच्या हातात नाही.

आठवडा पुरत नाही याचं कारण सरळ आहे. सर्दीचा कोरायझा एक ते तीन दिवसांत तोंड दाखवतो, तो आठवड्यात पकडला जाईल. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, अंगात शिरल्यावर दिसायला दोन ते पंधरा दिवस घेते. देवीचे फोडही चार-दहा दिवसांनी येतात. आठव्या दिवशी खुराड्याचं दार उघडलंत तर नेमकी मानमोडीच आत घ्याल, आणि लस नसलेल्या कोंबड्यांत ती शिरली की खुराडं रिकामं करूनच जाते.

याहून चकवणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘गावची कोंबडी म्हणजे ठणठणीत’ असं आपण सगळेच म्हणतो. खरं आहे ते, पण ठणठणीत कोंबडी निर्धोक असतेच असं नाही. कोरायझातून किंवा मायकोप्लाझ्माच्या जुनाट सर्दीतून उठलेली कोंबडी वरून बरी दिसते, अंडी देते, आणि जंतू मात्र अंगात बाळगून असते. मायकोप्लाझ्मा तर बहुधा जन्मभर सोबत राहतो. मग तिला टोपलीत कोंबून, रात्रभर गाडीत हलवून, नव्या जागी आणून टाकलं की अंगातली ताकद खचते आणि दबलेला जंतू उसळतो. तलंग पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हाही हेच होतं. म्हणून दीर म्हणतील ‘तिकडे एकदम बरी होती’, आणि तुम्ही म्हणाल ‘इकडे आल्यापासून शिंकतेय’, तर दोघांचंही खरंच असेल. भांडू नका.

आता जागा. पुस्तकात लिहितात की दुसऱ्या शेडमध्ये, लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. मुंबईत एवढी जागा असती तर आपण तिथे भाडेकरू ठेवला असता. गोराईत तुम्हाला निदान वाडी आहे. घराच्या पुढच्या अंगाला, खुराड्यापासून जास्तीत जास्त लांब, मधे घराची भिंत येईल अशा ठिकाणी पिंजरा ठेवा. शिंकेचे तुषार आणि पिसांचा कोंडा भिंतीने बराच अडतो. दीर किंवा कोणी नातेवाईक, ज्यांच्याकडे एकही कोंबडी नाही, ते महिनाभर ठेवून घेत असतील तर त्याहून उत्तम.

पण खरं सांगायचं तर जागेपेक्षा रोग जास्त वेळा आपल्याच पायांनी आणि हातांनी जातो. त्यामुळे कामाचा क्रम पक्का ठेवा. सकाळी आधी जुन्या कोंबड्या, मग नव्या, आणि नव्यांकडून परत जुन्यांकडे जायचं नाही. नव्यांसाठी चप्पल वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं, झाडूही वेगळा. घरातलं लहान मूल दिवसातून दहा वेळा दोन्हीकडे पळत असेल तर बाकी सगळं फुकट, तेव्हा पोरांना आधी समज द्या. ज्या टोपलीतून तलंगा येतील ती आणि तिच्यातला पेंढा वाडीत येऊ देऊ नका. पेंढा पिशवीत बांधून कचऱ्यात, टोपली साबणाने घासून कडक उन्हात. डेटॉलचं विचारलंय म्हणून सांगते: शिटेवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. आधी खरवडा, साबणाने घासा, मग जंतुनाशक.

पिंजऱ्याखाली रोज जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी ते नीट बघा. राखाडी शीट, वर पांढरी टोपी, हे ठीक. अधूनमधून एखादी चिकट, तपकिरी, घाण वासाची शीट दिसेल, तीही ठीकच, उगाच घाबरू नका. हिरवी पाणचट किंवा रक्ताळलेली दिसली तर मात्र डॉक्टरांना विचारा. रात्री दिवे घालवून पिंजऱ्याशेजारी पाच मिनिटं गप्प उभ्या राहा. दिवसाच्या गोंगाटात न कळणारी घरघर तेव्हा ऐकू येते. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखे बारीक बुडबुडे दिसले तर ती धूळ गेल्याची खूण समजू नका. शेपटीखालची पिसं बाजूला सारून बघा: पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे म्हणजे उवांची अंडी. पायांचे खवले उचकटल्यासारखे दिसत असतील तर तेही किड्यांचं काम.

आणि कृपा करून ‘सावधगिरी म्हणून’ मेडिकलमधून अँटिबायोटिकची पावडर आणून पाजू नका. जंतू पुरता मरत नाही, लक्षणं दबतात, आणि वेगळं ठेवण्याचा सगळा उद्देशच बुडतो. जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून द्या, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या.

दोन-अडीच आठवडे सगळं नीट गेलं की एक काम करा, जे बहुतेक जण टाळतात. तुमच्या जुन्यातली एक कोंबडी, जिच्यावर फार जीव नाही अशी, नव्यांच्या पिंजऱ्यात सोडा आणि उरलेले दिवस तिथेच राहू द्या. नव्यांच्या अंगात लपलेलं काही असेल तर ते तिच्यात दिसण्याची शक्यता बरीच असते. उलटंही घडतं: तुमच्या जुन्या कोंबड्याच काही बाळगून असतील तर तलंगा आजारी पडतील. अशा वेळी सगळे नव्यांनाच दोष देतात. मधेच कोणी आणखी एक पक्षी आणून त्यात टाकला तर चार आठवडे परत पहिल्यापासून मोजायचे. आषाढात हे हमखास होतं. गटारीसाठी बाजारातून आणलेला कोंबडा पोरं त्याचं नाव ठेवतात म्हणून वाचतो आणि खुराड्यात कायमचा मुक्कामाला येतो. बाजारातला पक्षी तर जास्तच जोखमीचा, कारण तिथे दहा ठिकाणचे पक्षी एकाच जाळीत असतात.

लसीचं आत्ताच बघा. तुमच्या जुन्यांना मानमोडीची लस झाली नसेल तर तलंगा यायच्या निदान दोन आठवडे आधी द्या. लासोटा नावाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, मोठ्या पक्ष्यांना आर-टू-बी ही दुसरी लस टोचतात. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते, म्हणून गावातल्या चार घरांनी मिळून आणा. आणताना बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. तलंगांना आल्या दिवशी लस नको, आधी सावरू द्या, आणि शिंकत असतील तर मुळीच नको. लस घेतलेली कोंबडी स्वतः वाचते, पण विषाणू पसरवू शकते, म्हणून ‘लस झालीय’ असं ऐकून चार आठवड्यांत सूट देऊ नका.

तुमचा महिना पावसाच्या तोंडावर संपेल. खुराड्यात पसरलेल्या ओल्या तुसात रक्ती हगवणीची बीजं दोन दिवसांत तयार होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत, त्यामुळे तूस कोरडं ठेवणं हाच उपाय. डासांनी देवी पसरते, तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता.

एखादी कोंबडी मेलीच तर दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून (फ्रीझरमध्ये नाही) परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारून शवविच्छेदनासाठी न्या. पण एकाच वेळी बऱ्याच पटापट मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तर हात लावू नका, कापू नका, खाडीत फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला कळवा. जानेवारी 2021 मध्ये मुंबईत कावळ्यांतही बर्ड फ्लू सापडला होता आणि फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत कोंबड्यांत. म्हणून खुराड्यावर कावळे उतरणार नाहीत अशी जाळी लावा, दाणा उघडा ठेवू नका.

हे सगळं जमण्यासारखं नसेल तर दिरांना तलंगांऐवजी अंडी आणायला सांगा. तुमची एखादी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली बसवा. अंड्यातून येणारे रोगही आहेत, मायकोप्लाझ्मा त्यातलाच, पण मोठ्या पक्ष्यासोबत येणाऱ्या उवा, कोरायझा, हगवण यातलं बरंचसं टळतं. फक्त प्रवासात अंडी हलली तर ती फुटली नाहीत तरी कमीच उबतील, एवढं धरून चाला. वास्तविक दिरांना हेच सोपं पडेल.

शेवटी कोंबड्याचं विचारलं होतंत: तलंगांना तो सहसा मारणार नाही, जुन्या कोंबड्याच जास्त टोचतील. मिसळायच्या दिवशी दाणा दोन-तीन ठिकाणी टाका आणि पाण्याचं आणखी एक भांडं ठेवा.