रेंज पूर्ण, तरी इंटरनेट गायब

प्रश्न : सहकारनगरमध्ये आमचा जुना दुमजली बंगला आहे. फायबरचा राउटर तळमजल्यावर दिवाणखान्यात असून जिन्याच्या वळणावर रेंज एक्स्टेंडर आणि वरच्या खोलीत एक जुना राउटर रिपीटर म्हणून लावला आहे. वर मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते, पण इंटरनेट मध्येच बंद पडते. सगळे बंद करून पुन्हा सुरू केले की काही काळ चालते. गुरुवारी वीज जाऊन आली की हा त्रास हमखास होतो. अधिक महागडा एक्स्टेंडर घ्यावा का?
– एक वाचक, पुणे ९

उत्तर : तूर्त काहीही विकत घेऊ नये. मोबाइलवर दिसणारी रेंज ही मोबाइल आणि जवळचा एक्स्टेंडर यांच्यापुरतीच असते. त्या एक्स्टेंडरला पुढे मुख्य राउटर नीट मिळतो आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

आपल्या पत्रातील गुरुवारचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरातील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) देण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, एकाच यंत्राकडे असावे लागते. परंतु जुना राउटर रिपीटर म्हणून लावला, तरी त्यातील डीएचसीपी अनेकदा चालूच राहते. वीज आल्यावर फायबरच्या राउटरला लाइन पकडून पूर्ण सुरू व्हायला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात जुना राउटर मोबाइलला स्वतःचा पत्ता देऊन मोकळा होतो. सर्व सुरळीत असताना मोबाइलच्या वायफाय सेटिंगमधील ‘गेटवे’ (ज्या राउटरमार्फत मोबाइल इंटरनेटकडे जातो, त्याचा पत्ता) टिपून ठेवावा आणि इंटरनेट बंद पडताच, काहीही बंद-चालू करण्यापूर्वी, तो पुन्हा पाहावा. एरवी १९२.१६८.१.१ असणारा गेटवे त्या वेळी १९२.१६८.०.१ दिसला, तर चोर सापडला. जुन्या राउटरमधील डीएचसीपी बंद करून त्याला त्याच मालिकेतील, पण वेगळा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२. दोन्ही राउटरांचा पत्ता मुळातच एक असेल, तर गेटवे बदललेला दिसणार नाही. म्हणून जुन्या राउटरची सेटिंग एकदा उघडून पाहिलेली बरी.

त्यानेही फरक पडला नाही, तर एक्स्टेंडर आणि जुना राउटर दोन्ही बंद करून दिवसभर राउटरच्याच खोलीत इंटरनेट वापरून पाहावे. तिथेही ते तुटले आणि राउटरवरील ‘एलओएस’चा (लाइनचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला, तर दोष लाइनचा; सर्व दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर आधी अ‍ॅडॅप्टरवर संशय घ्यावा.

तिथे सुरळीत चालले, तर दोष साखळीचा. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. वरचा राउटर जिन्यातल्या एक्स्टेंडरकडून सिग्नल घेत असेल, तर तो आणखी निम्मा. शिवाय मुख्य राउटरने आपोआप चॅनल बदलला की मागची सगळी साखळी तुटते, म्हणून २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनल कायम करावा.

बंगला स्वतःचा असताना मी मात्र जिन्याच्या कडेने कॅट ६ ही नेटवर्कची वायर वर नेईन. ती जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (वॅनमध्ये नव्हे) लावावी, त्यातील रिपीटर मोड आणि डीएचसीपी बंद ठेवावी, आणि जिन्यातला एक्स्टेंडर काढून टाकावा.