सातवीच्या मुलांना साधी प्राणीपेशी आणि चेतापेशी यांतला फरक कसा शिकवावा? तक्त्यात आणखी कोणते मुद्दे घालू?

एकही घालू नका. मुळात तो तक्ताच नको. डाव्या रकान्यात ‘प्राणीपेशी’ आणि उजव्या रकान्यात ‘चेतापेशी’ लिहिलं की मुलांना हमखास वाटतं, चेतापेशी ही प्राणीपेशी नव्हेच. प्रद्रव्यपटल, केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड हे सगळं दोघींकडेही असतं. आणि चित्रातली ती गोल, मधोमध केंद्रक असलेली ‘साधी’ पेशी शरीरात शोधायला गेलात तर मिळणार नाही. तुलनेला खरी पेशी घ्या. गालाच्या आतल्या अस्तराची घ्या, मिथिलीन ब्लू लावून मुलं ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतातच.

खरा फरक आकाराचा आहे. तो फळ्यावर दिसत नाही, कारण फळ्यावरचा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीतून निघणारा लांब धागा, वीतभर असतो. म्हणून सगळं शंभरपट मोठं करून दाखवा. गालाची पेशी साधारण ६० मायक्रोमीटर, म्हणजे ६ मिलिमीटरची चपटी टिकली. मेरुरज्जूतून पायाच्या स्नायूकडे जाणाऱ्या मोठ्या चेतापेशीचा पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, १०० मायक्रोमीटरपर्यंत भरतो, म्हणजे १ सेंटिमीटरचा मणी. त्याला सात-आठ वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, लावा, १० सेंटिमीटर लांबीच्या, टोकाकडे फाटे फुटलेल्या. अक्षतंतू प्रौढ माणसात जवळजवळ मीटरभर असतो, म्हणून १ मिलिमीटर जाडीची सुतळी घ्या, १०० मीटर. रिळावर गुंडाळून न्या आणि रीळ फिरवत सोडा. वेटोळं करून नेलीत तर तास गुंता सोडवण्यात जाईल. जागा कमी असेल तर वळवून परत आणा, पण कापून गाठ मारू नका. मण्यापासून टोकापर्यंत ती एकच पेशी आहे आणि गाठ दिसली की मुलं दोन मोजतात.

अक्षतंतूवरच्या मायलिन आवरणासाठी स्ट्रॉचे तुकडे ओवण्याची पद्धत आहे, ती सोडा. १२ मिलिमीटर रुंदीची रंगीत चिकटपट्टी घ्या, १० सेंटिमीटरचे तुकडे कापा, प्रत्येक तुकडा सुतळीच्या लांबीला समांतर धरून तिच्याभोवती गुंडाळा. तीनेक वेढे बसतात. मायलिन बनवणारी श्वान पेशी अशीच वेढे घेते, फक्त खूप जास्त. ही पेशी वेगळी आहे, मायलिन चेतापेशी स्वतः बनवत नाही, म्हणून रंगही वेगळा. सुरुवातीच्या मीटरभरात दहा तुकडे लावले की पुरे, पूर्ण लांबीला हजारेक लागतील. दोन तुकड्यांमधली फट खरी साधारण १ मायक्रोमीटर, इथे ०.१ मिलिमीटर, कागदाच्या जाडीएवढी. चित्रात ती बोटभर दाखवतात आणि मग मुलं विचारतात की अर्धा तंतू उघडाच का.

आता या आकाराची अडचण दाखवा. प्रथिनं बनवणारी खडबडीत आंतर्द्रव्यजालिका पेशीकायात आणि वृक्षिकांत आहे, अक्षतंतूत जवळजवळ नाही. मग टोकाला माल पोचतो कसा? पुटिकांमधला, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांमधला, माल प्रथिनांच्या नलिकांवरून दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो. आपल्या सुतळीवर ते ४० मीटर, म्हणजे टोक गाठायला अडीच दिवस. पेशीच्या आतल्या सांगाड्याची प्रथिनं मात्र दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात, म्हणजे रोज चिकटपट्टीचा एक तुकडा. टोकाला पोचायला किती वर्षं लागतील हा हिशोब मुलांनाच करू द्या. गालाच्या पेशीला ही कटकट नाही, तिचं केंद्रक कुठल्याही कोपऱ्यापासून फार तर ३० मायक्रोमीटरवर.

आणि कृपा करून ‘चेतापेशीत तारककेंद्र नसतं, म्हणून ती विभाजित होत नाही’ हे वाक्य गाळा. (तारककेंद्र म्हणजे विभाजनात भाग घेणारी केंद्रकाजवळची छोटी रचना.) यावरून मी अनेक शिक्षकांशी वाद घातलाय आणि पुढेही घालीन. प्रौढ चेतापेशीत तारककेंद्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे. शिवाय सपुष्प वनस्पतींच्या पेशींत ते नसतंच, तरी कांद्याच्या मुळाच्या टोकाला विभाजन धडाधड चालू असतं, आणि सूत्री विभाजन शिकवायला आपण तीच स्लाइड लावतो! चेतापेशी विशेषित होताना विभाजनाच्या चक्रातूनच बाहेर पडते, हे कारण. ‘इतर पेशी विभाजित होतात’ हेही सरसकट नको. गालातून खरवडलेली वरच्या थरातली पेशीसुद्धा विभाजित होत नाही, विभाजन खालच्या थरात होतं.

हो, हे मीटरभराचं प्रकरण सगळ्याच चेतापेशींचं नाही. मेंदूतल्या असंख्य चेतापेशींचे अक्षतंतू काही मिलिमीटरच असतात आणि काहींचा पेशीकाय गालाच्या पेशीहून कितीतरी लहान असतो. नाकातल्या गंध ओळखणाऱ्या चेतापेशी मरतात आणि त्यांच्या जागी तळाच्या पेशींपासून नव्या तयार होतात. विद्युतदाबाचा फरक तर गालाच्या पेशीच्या पटलावरही असतो. तो क्षणात उलटवून पुढे धाडण्याचं काम चेतापेशी करते, आणि स्नायूपेशीही करते.