दोन लिपो चार्जर मैदानावर चालवायला किती वॅटचा जनरेटर लागेल?

तुमच्याकडे उडवायच्या मॉडेलचे ६एस (सहा सेल एकापाठोपाठ जोडलेले), ५००० एमएएचचे (५ अँपिअर-तास) आठ लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर पॅक आहेत, दोन चार्जर आहेत, दोन्ही एकाच वेळी २सीवर (क्षमतेच्या आकड्याच्या दुप्पट करंटने) लावायचेत आणि दुकानदार म्हणतोय १ केव्हीए भरपूर झाला. तो वॅट मोजतोय, व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर; १ केव्हीए म्हणजे १००० व्हीए) मोजत नाही. गडबड तिथेच आहे.

पॅक आठ असोत की वीस, जनरेटरला फरक पडत नाही. एका वेळी लोड किती, एवढंच बघायचं. ६एस पॅक भरत आला की २५.२ व्होल्टला पोचतो. २सी म्हणजे १० अँपिअर, म्हणजे एका पॅकमध्ये २५२ वॅट. चार्जर आणि त्यामागचा एसएमपीएस (२३० व्होल्ट एसीचं २४ व्होल्ट डीसी करणारा पॉवर सप्लाय) मिळून साधारण पाऊण हिस्साच पॅकपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते. त्यामुळे जनरेटरकडून एका चार्जरला ३३६ आणि दोन्हींना मिळून पावणेसातशे वॅट लागतात. १ केव्हीएच्या डब्यावर १००० लिहिलेलं असलं तरी तो आकडा कमाल असतो. सलग ९००च्या आसपास धरा. इथवर दुकानदाराचं बरोबर आहे.

पण स्वस्त एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर करेक्शन नसतं. त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्हीए, ०.६५च्या घरात असतो. ६७५ भागिले ०.६५ म्हणजे जवळजवळ १०४० व्हीए, २३० व्होल्टला साडेचार अँपिअर. जनरेटर सलग देणार ३.९. पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चालतं. पॅकचं व्होल्टेज चढत जातं तसा लोड वाढतो, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सप्लाय तुटतो. इन्व्हर्टर जनरेटरचं (इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून स्थिर एसी देणाऱ्या जनरेटरचं) इंजिन मात्र चालूच राहतं, त्यामुळे लांबून पत्ताही लागत नाही.

म्हणून २सी हवंच असेल तर २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर घ्या. किंवा अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन) असलेला एसएमपीएस घ्या: तेच काम ७१० व्हीएमध्ये होतं आणि १ केव्हीए पुरतो, अगदी काठावर का होईना. पाचगणीच्या टेबललँडसारख्या उंच जागी तोही काठ जेमतेमच उरतो, कारण दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. १३०० मीटरवर ९००चे साधारण ७६५ होतात. १सीवर समाधान असेल तर लोड निम्मा आणि १ केव्हीए आरामात चालतो. फक्त प्रत्येक जोडीला तासभर द्यावा लागेल. खरं सांगायचं तर पॅकच्या आयुष्यासाठी तेच बरं.

एक साधी युक्ती: दुसरा चार्जर दहा-पंधरा मिनिटं उशिरा लावा. पहिला सीव्ही टप्प्यात (व्होल्टेज स्थिर धरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) गेला की त्याचा करंट उतरायला लागतो, आणि दोघांचा सर्वाधिक लोड एकाच वेळी येत नाही.

चालू करताना इको मोड (लोड कमी असताना इंजिनाचा वेग उतरवणारी सोय) बंद ठेवा. एसएमपीएस एकेक करून लावा, कारण त्यांचा सुरुवातीचा झटका मोठा असतो. लोड स्थिरावला की मग इको. पेट्रोल संपत आल्यावर इंजिन गचके देतं आणि व्होल्टेज वरखाली होतं. त्याआधीच चार्जर थांबवा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका.

जनरेटरवर १२ व्होल्टचं डीसी सॉकेट दिसेल. त्याला लिपो चार्जर लावायचा मोह होतो, पण ते गाडीची लेड-अॅसिड बॅटरी भरायला दिलेलं असतं. रेग्युलेशन नसल्यामुळे कमी लोडला व्होल्टेज बरंच वर जातं आणि चार्जरचं इनपुट उडू शकतं.

वायर लांबवायची तर २३० व्होल्टची लांबवा. २४ व्होल्टच्या बाजूला एका चार्जरला १२ अँपिअर वाहतात, ती वायर मीटरभरापेक्षा जास्त नको. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. तंबूत किंवा गाडीच्या डिकीत कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उडवून आलेला पॅक हाताला कोमट लागतोय तोवर चार्जला लावू नका.

आणि दिवसाला आठच पॅक लागत असतील तर जनरेटर खरंच हवा का? १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. तुमचा पॅक १११ वॅट-तासांचा, त्यातला ८० टक्के भरायचा; चार्जरची तूट धरूनही पॅकमागे १००च्या आसपास लागतात. आठ पॅक सहज निघतात, एसएमपीएस लागत नाही, आवाजही नाही. फक्त चार्जर १२ व्होल्ट इनपुटवर किती वॅट देतो ते आधी बघा. बरेच चार्जर २४ व्होल्टलाच पूर्ण ताकद देतात.